उठून जाण्याची मुभा

गावातलं भांडण गावातच मिटवायचं म्हणजे दुबळ्यानं मूग गिळून बसायचं आणि दांडग्यानं मिशीला पीळ द्यायचा, हा आक्षेप मी गेली बारा वर्षं ऐकतो आहे. तालुक्याच्या बाररूममध्ये ऐकला, महिला संघटनांच्या शिबिरांत ऐकला, आणि गेल्या दिवाळीत पुण्यात वकिली शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं माझ्याच ओसरीवर बसून तो मला ऐकवला. "काका, तुमची तंटामुक्ती समिती म्हणजे जात पंचायतच की. फक्त वर सरकारी शिक्का." मी सहा वर्षं गावच्या त्या समितीत होतो, पुढं तालुका विधी सेवा समितीचा पॅरालीगल स्वयंसेवक झालो. तरी त्या संध्याकाळी मला तिला धड उत्तर देता आलं नाही. पोरगी चुकीचं बोलत नव्हती, आणि पूर्ण बरोबरही बोलत नव्हती. ते वेगळं करून सांगायला मला एवढे दिवस लागले.

आधी तिच्या पदरात तिचं टाकतो. जात पंचायतीनं या राज्यात काय केलं ते लपलेलं नाही. 2013 साली नाशिकमध्ये दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानंच जीव घेतला आणि त्यामागं जात पंचायतीचा दबाव असल्याचं पुढं आलं. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जात पंचायत मूठमाती अभियान उभं केलं. बहिष्कृत कुटुंबं एकेक करून बोलायला लागली. कुणाला विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं, कुणाच्या मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. 2016 साली विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, जुलै 2017 पासून तो लागू झाला, आणि बहिष्कार टाकणं हा 3 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो कायदा लागावा अशी वेळ आपल्या गावकीनं आणली, हे विसरून मला एक ओळही लिहायची नाही.

आणि माझी स्वतःची एक सही आहे. समितीत माझं दुसरं वर्ष होतं. नवरा दारू पिऊन मारतो, अशी तक्रार घेऊन एक बाई आली. आम्ही अकरा जण, त्यात दोन बायका, त्याही एकाच्या भावजया. नवऱ्याला बोलावलं, त्यानं सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली, "पुन्हा हात उचलणार नाही" असं लिहून दिलं, बाईला दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि नांदायला पाठवलं. नोंदवहीत 'तंटा मिटला' असा शेरा पडला. चार महिन्यांनी ती मनगटाला प्लास्टर घालून तालुक्याच्या दवाखान्यात दिसली. माझ्याकडं तिनं पाहिलं आणि मान वळवली. त्या कागदावर तिचा अंगठा आहे, नवऱ्याची सही आहे, आणि साक्षीदार म्हणून माझीही आहे. तो तंटा नव्हता, गुन्हा होता. तो आमच्याकडं यायलाच नको होता, आणि आला तेव्हा तिला पोलीस ठाण्यात नेणं हेच आमचं काम होतं.

म्हणजे पुतणीच्या बाजूचा मोठा पुरावा मीच आहे. तरीही मी मध्यस्थीच्या बाजूनं उभा आहे, कारण वर सांगितलेल्या कुठल्याही प्रकरणात मध्यस्थी झालेलीच नव्हती. झाले ते निवाडे.

पंच आणि मध्यस्थ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच पोत्यात भरतो आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. पंच निकाल देतो. दोघांचं ऐकतो, मग त्याला जे बरोबर वाटतं ते सांगतो, आणि ते मानावं लागतं. मध्यस्थाला निकाल द्यायचा अधिकारच नसतो. त्याच्याकडं असतो तो वेळ, कान, आणि दोघांनाही परका न वाटणारा चेहरा. दोघांनी ठरवलं तर ठरलं, नाही ठरवलं तर त्यानं चहा पाजून दोघांना आपापल्या वाटेनं जाऊ द्यायचं. एखादी बैठक कसली आहे हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: यातला एक जण आत्ता उठून निघून गेला, तर उद्या त्याचं काय होईल? काहीच होणार नसेल, तर ती मध्यस्थी. त्याचं पाणी तुटणार असेल, पोरीची सोयरीक मोडणार असेल, रेशनच्या रांगेत त्याच्याशी कुणी बोलणार नसेल, तर ती जात पंचायत आहे, मग तिच्या भिंतीवर गांधीजींचा फोटो असो की तिरंगा. आमच्या त्या बाईला उठून जायची मुभा होती का? कागदावर होती. अकरा माणसांच्या घोळक्यातून नव्हती.

पूर्वी गावात कसा न्याय होता, असं सांगत गहिवरणारी मंडळीही मला भेटतात, आणि त्यांचंही मला खोडून काढायचं आहे. मराठेशाहीत गोतसभा होत्या, त्यांचे महजर, म्हणजे निवाडपत्रं, आजही दफ्तरांत आहेत. महजरावर पाटील-कुणब्याच्या नावापुढं नांगराची निशाणी दिसते, बलुतेदारांच्या नावापुढं ज्याच्या त्याच्या हत्याराची. पंचांसमोर बसण्याआधी वादी-प्रतिवादींकडून निवाडा मानण्याचं लेखी कबूल करून घेत, आणि त्या कागदाला म्हणत राजीनामा. आज नोकरी सोडताना आपण जो शब्द वापरतो त्याचा तो जुना अर्थ: राजी असल्याचा लेख. संमती आधी, बैठक नंतर, हे त्या लोकांना कळत होतं, याचा मला आदर आहे. पण एकदा राजीनामा लिहिला की सुटका नव्हती. हरणाऱ्याला हार कबूल केल्याचं येजितखत लिहून द्यावं लागे, सरकारात जिंकणारा हरकी म्हणजे नजराणा भरे आणि हरणारा गुन्हेगारी म्हणजे दंड. पुरावा नसला की दिव्य करायला लावत, म्हणजे तापल्या तेलात हात. आणि त्या गोतात बाई कुठं बसत होती, महार-मांग कुठं उभे होते, हे गहिवरणाऱ्यांनी एकदा सांगावं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं 1819 च्या आपल्या अहवालात पंचायतीची बाजू घेतली, दोषही दाखवले, ती टिकवायची धडपडही केली. तरी लोक अदालतीकडं वळले. ते काही वेडे नव्हते. ज्यांना पंचांच्या बैठकीत जागा नव्हती, त्यांना अदालतीत निदान अर्ज तरी करता येत होता.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण म्हणूनच मी वापरत नाही. कोर्टाची पायरी आहे म्हणून तर मध्यस्थीत दुबळ्याचा आवाज फुटतो. ती पायरी नसती तर दांडगा बैठकीला आलाच नसता.

आता एक विहीर सांगतो. बाररूममधल्या मित्रांनी ही विहीर नीट ऐकावी.

विहीर आजोबांनी पाडलेली. दोन चुलत भावांचा त्यात आठ-आठ आणे हिस्सा, सातबाऱ्यावर नोंद. पाळी वाटणीच्या वेळीच ठरलेली: सोमवार ते बुधवार थोरल्याची, गुरुवार ते शनिवार धाकट्याची, रविवार आलटून पालटून. ही पाळी लावली तेव्हा विहिरीवर मोट होती आणि मोट दिवसाच चालायची. पुढं मोटर बसली. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी वाटून यायला लागली. आमच्या फीडरला तेव्हा आठवड्याच्या पहिल्या दिवसांत लाइट दिवसा असायची आणि नंतरच्या दिवसांत रात्री. थोरल्याचं पाणी उजेडात, धाकट्याचं अंधारात. वर्षानुवर्षं.

भांडण मात्र या नावानं कधीच झालं नाही. धाकट्यानं एका बुधवारी भरदुपारी मोटर चालू केली. थोरल्याच्या पोरानं ती बंद करून स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. धाकट्यानं कुलूप फोडलं. खोऱ्याचा दांडा कुणीतरी फिरवला आणि धाकट्याच्या डोक्यात चार टाके पडले. एकमेकांविरुद्ध तक्रारी झाल्या, दोघांवर चॅप्टर केस झाली, आणि थोरल्यानं दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा दावा लावला. दावा मध्यस्थीसाठी आमच्याकडं आला तेव्हा त्याला चार वर्षं झाली होती. दाव्यातले प्रश्न असे: विहिरीत हिस्सा किती, वहिवाट कुणाची, पाळी काय. या तिन्हींची उत्तरं दोघांनाही तोंडपाठ होती. त्यावर वाद नव्हताच. उद्या निकाल लागला असता तरी तो हाच लागला असता की सोमवार ते बुधवार थोरल्याची पाळी, आणि धाकटा त्याच रात्री पुन्हा अंधारात उभा राहिला असता.

आम्ही तिघं बसलो: मी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि शेजारच्या गावच्या एक शिक्षिका. पारावर बसलो नाही, कारण पार थोरल्याच्या घरासमोर आहे. मराठी शाळेच्या तिसरीच्या वर्गात बसलो, पोरांच्या बुटक्या बाकांवर. पहिल्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांचा उद्धार केला, आम्ही ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी एकेकाशी वेगळं बोललो. थोरला म्हणाला, "माझ्या पाळीत हात घातला, एवढंच माझं म्हणणं." धाकटा म्हणाला, "आठ आणे माझं हैत." पुढं सरकेना. तिसऱ्या संध्याकाळी बाईंनी वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या बायकोला आत बोलावलं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, नवऱ्याला पोचवायला म्हणून ती रोज येत होती आणि बाहेर उभी राहत होती. बाईंनी तिला साधा प्रश्न केला: "रात्री दारं कोण धरतं गं?"

"दारं हे धरत्यात. बॅटरी मी धरते," ती म्हणाली. मग थांबलीच नाही. रात्री दोन वाजता लाइट येते. लहान पोरगी घरात एकटी निजलेली असते, बाहेरून कडी घालून यावं लागतं. उसात दोनदा जनावर आडवं गेलं, एकदा तर पायावरनं. थंडीत पाय बधिर होतात. "आन् सकाळच्याला ह्यांचं पानी झ्याक उजेडात चाललेलं बगितलं की डोक्यात जातंय बगा."

थोरला खाली बघत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याच्या पुढ्यात हे असं कुणी मांडलं नव्हतं. पोलिसाच्या जबाबात बॅटरी नव्हती, दाव्यात बॅटरी नव्हती. खूप वेळानं तो म्हणाला, "मग अदलाबदल करायची का?" अमावस्येपासून अमावस्येपर्यंत एकाला सोमवार ते बुधवार, पुढच्या अमावस्येपर्यंत दुसऱ्याला. हे ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पेटीच्या कुलपाला दोन किल्ल्या, टाक्यांचा खर्च थोरल्यानं द्यायचा, दावा काढून घ्यायचा आणि मारहाणीचं प्रकरण कोर्टापुढं तडजोडीनं मिटवायचं. बाईंनी आपल्या शाळेतल्या अक्षरात एक पानभर लिहिलं. सही करणाऱ्यांत धाकट्याची बायकोही होती. तिनं सही हळूहळू केली, पण पूर्ण नावानं केली.

दुबळ्यानं मूग गिळायचे, असा आक्षेप होता ना? या प्रकरणातलं दुबळं माणूस कोण होतं ते पाहा. चार वर्षं खटला चालला आणि त्यात ती कुठंही नव्हती. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पक्षकार नाही, पक्षकार नाही म्हणून म्हणणं नाही. न्यायाधीश वाईट होते असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्यापुढं जो प्रश्न आला त्याचंच उत्तर ते देणार. मध्यस्थीची ताकद हीच की तिला प्रश्न बदलता येतो. आणि तिची कमजोरीही मी लपवत नाही: दोन संध्याकाळी आम्हालाही ती बाई दिसली नव्हती. पोस्टमास्तर आणि मी दोघेच असतो, तर तिसऱ्या संध्याकाळीही दिसली नसती.

बाररूममधला दुसरा आक्षेप असा की या कागदाला किंमत काय. उद्या थोरला फिरला तर? संसदेनं 2023 साली मध्यस्थी कायदा केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडेल असा वाद दोन्ही बाजूंच्या आधीच्या संमतीनं तीन मध्यस्थांपुढं नेता येतो, हे तिघं विधी सेवा प्राधिकरणानं नेमायचे, आणि नेमताना स्त्रियांना जागा देण्याचा विचार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. आणि त्यातच स्पष्ट लिहिलं आहे की असा समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. वकील मित्र याला दात नसलेला कायदा म्हणतात. मला ही तरतूद योग्य वाटते. गावातल्या तीन माणसांच्या कागदाला हुकूमनाम्याचं बळ दिलं की ती तिघं पंच होतील, आणि पंच झाली की पुतणीचा आक्षेप शब्दशः खरा ठरेल. बळ कोर्टाकडंच राहू द्या. ज्यांना बळ हवं त्यांना वाट आहे: तोच समझोता दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत न्यावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. जमिनीच्या अदलाबदलीत तर सरकारनं जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. माझी जमीन तुझ्या ताब्यात आणि तुझी माझ्या, असं 12 वर्षं चाललं असेल आणि दोघं राजी असतील, तर 1000 रुपये मुद्रांक आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून दस्त करायची सोय त्यात ठेवली. अशी दोन-तीन प्रकरणं मी तलाठ्याच्या पंचनाम्यापासून दस्तापर्यंत पाहिली आहेत. तिथं कुणाला जिंकायचं नव्हतं. पोरांच्या नावावर नीट सातबारा असावा, एवढंच दोन्ही म्हाताऱ्यांना हवं होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. मध्यस्थी कायद्याची काही कलमं ऑक्टोबर 2023 मध्ये अमलात आली, त्यात सामुदायिक मध्यस्थीची कलमं नव्हती. कंपन्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वादांची चर्चा भरपूर झाली. बांध, रस्ता, विहीर, गटार, सोसायटीतल्या गळतीचं पाणी, हे सगळं ज्या कलमांत बसतं त्यांना पहिल्या पंगतीत पान नव्हतं.

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द, कारण मध्यस्थीचं सर्वांत जास्त नुकसान तिच्या चाहत्यांनी केलं आहे. भाषणांत हमखास येतं की देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत 4 कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत, म्हणून मध्यस्थी हवी. मला हे कारण मान्य नाही. कोर्ट तुंबलंय तर न्यायाधीश नेमा, लघुलेखक नेमा, इमारती बांधा. गरिबाला कोर्टात जागा नाही म्हणून शाळेच्या बाकावर बसवायचं, ही त्याची बोळवण झाली. विहिरीचं प्रकरण कोर्टात एका दिवसात निकाली निघालं असतं तरी ते शाळेच्या वर्गातच सुटायला हवं होतं. कोर्टाचा भार कमी झाला तर चांगलंच, पण त्या हिशेबानं मध्यस्थी मोजली की घाई सुरू होते, आणि घाईत बॅटरी धरणारी बाई दारातच राहते.

आणि गुण. 15 ऑगस्ट 2007 रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारा शेतकरी त्यांनी जवळून पाहिला होता, आणि गावातल्या साध्या माणसावर इतका विश्वास टाकणारी सरकारी योजना मी दुसरी पाहिली नाही. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली आणि तडजोडीला पात्र फौजदारी वाद तिच्यापुढं यायचे, हे सगळं ठीक. पण त्याला गुण जोडले, गुणांना बक्षीस जोडलं, आणि बक्षीस लोकसंख्येप्रमाणे लाखांत. मूल्यमापनाच्या महिन्यात गावागावांत काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. नोंदवहीत जुने मेलेले वाद उकरून भरायचे आणि मिटले म्हणून दाखवायचे. नवीन तक्रार घेऊन निघालेल्याला वाटेत गाठायचं: "मूल्यमापनाची समिती येऊन जाऊ दे, मग कर. गावाचं बक्षीस घालवतोस काय?" एका गावात असं थांबवलेलं एक प्रकरण रस्ता अडवल्याचं होतं. त्या माणसाची उभी द्राक्षं आत राहिली, कारण टेम्पो आत जाऊ शकला नाही. मामलेदार कोर्ट अॅक्टच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं त्यानं वेळेत अर्ज केला असता तर रस्ता मोकळा झाला असता. गावाला बक्षीस मिळालं, त्यातून पेव्हर ब्लॉक बसले. त्या माणसाला विचारा तंटामुक्ती म्हणजे काय.

'तंटामुक्त' हा शब्दच मला खटकतो. ज्या गावात एकही तंटा नाही, तिथं कुणीतरी घाबरलेलं आहे. चांगल्या मध्यस्थीच्या गावात तक्रारी सुरुवातीला वाढतात, कारण आजवर गप्प असलेले बोलायला लागतात. आपण मात्र नेमके त्याचेच गुण कापत होतो.

पण पुतणीच्या वाक्याला सर्वांत नेमकं उत्तरही याच समित्यांनी देऊन ठेवलं आहे. विदर्भातल्या गावांत पळून आलेल्या, आई-बापांच्या धाकानं लपलेल्या जोडप्यांची लग्नं तंटामुक्ती समित्यांनी लावून दिली. दोघं सज्ञान आहेत का ते दाखले पाहून तपासलं, दोन्हीकडच्या पालकांना बोलावलं, आले तर बरं, नाही आले तर हनुमानाच्या देवळासमोर सरपंचानं हार घालायला दिले आणि ग्रामपंचायतीत नोंद केली. यात आंतरजातीय लग्नं आहेत. तिकडची वर्तमानपत्रं उघडली की अशा बातम्या सापडतात. जात पंचायत ज्या कारणासाठी माणूस वाळीत टाकते, नेमक्या त्याच गोष्टीला या समित्या मांडव घालत होत्या. एकाच गावात, एकाच पारावर. तेव्हा दोष पाराचा नव्हता. त्यावर कोण बसतं आणि उठून जाता येतं का, यावर सगळं ठरत होतं.

आणि हे फक्त खेड्याचं नाही. भिवंडीत 1970 ला दंगल झाली, 1984 ला झाली. 1988 मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. पुढाऱ्यांना नव्हे, दोन्ही समाजांतल्या साध्या लोकांना बीटच्या हवालदाराबरोबर नियमित बसवलं. नळ, गाळा, भाडं, पोरांची मारामारी असले किरकोळ वाद तिथं बोलले जायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथल्या लोकांनी एकमेकांची तोंडं चार वर्षं दर महिन्याला पाहिली होती, म्हणून अफवा आली तेव्हा विचारायला माणूस ठाऊक होता. इतकी ठळक गोष्ट आपल्याच राज्यात घडली, आणि ती आपण पोलीस खात्याच्या आठवणींत ठेवून दिली.

कुठली प्रकरणं दारातच घ्यायची नाहीत, यावर माझं मत आता दगडासारखं आहे. बायकोला मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाह, बहिष्कार, आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार. तडजोडीला पात्र गुन्हे कुठले, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये लिहिलेलं आहे. त्याच्या बाहेरचं काही आलं तर समितीचं काम एकच, तक्रारदाराबरोबर ठाण्यापर्यंत चालत जाणं. अॅट्रॉसिटीची तक्रार 'गावातच मिटवून घ्या' म्हणणारा माणूस मध्यस्थ नसतो, आरोपीचा माणूस असतो. माझी ती सही मी पुसू शकत नाही. पण ती पाहून मी हे शिकलो आहे, आणि शिकल्यावरही मध्यस्थी टाकून द्यावी असं मला वाटलेलं नाही. चुकीच्या माणसाला चुकीचं औषध दिलं म्हणून दवाखाना पाडत नाहीत.

तर पुतणीला, आणि तिच्या बाजूनं बोलणाऱ्या सगळ्यांना माझं म्हणणं हे आहे. तुम्ही बाहेर उभं राहून या बैठकांना जात पंचायत म्हणत राहिलात, तर आत दांडगेच उरतील आणि तुमचं म्हणणं खरं होईल. आत या. कायदा शिकलेल्या पोरीनं गावच्या समितीत बसावं आणि बैठक सुरू होताना मोठ्यानं वाचून दाखवावं की इथून कुणालाही कधीही उठून जाता येतं, आणि गेल्यावर त्याचं काही बिघडणार नाही. तीन मध्यस्थांत एक बाई असायलाच हवी, आणि ती कुणाची भावजय म्हणून नको. गुण आणि बक्षिसं बंद करा, त्याऐवजी मध्यस्थांना प्रवासखर्च आणि थोडं प्रशिक्षण द्या. कायद्यातली राहिलेली कलमं अमलात आणा.

विहिरीची पाळी अजून अमावस्येला बदलते. गेल्या वर्षी धाकट्याच्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागलं.

समिती 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत निवडतात. तुमच्या गावच्या ग्रामसभेला जा, आणि नावं वाचली जात असताना हात वर करून विचारा, यात बाया किती आहेत आणि त्या कुणी सुचवल्या.